सिॲटलचे पोलीस कसे आहेत? सोळा वर्षं इथं राहिलेल्या एका ऑडिटरचा अभिप्राय

गेल्या महिन्यात सांगलीहून माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा मेसेज आला. तिची मुलगी एम.एस.साठी सिॲटलला येतेय. फी भरून झालीय, खोली बघणं चालू आहे. भाडं किती, थंडी किती, गव्हाचं पीठ कुठं मिळतं, सगळं विचारून झालं आणि शेवटी तिनं लिहिलं, "तिथले पोलीस कसे आहेत गं? त्या पोलिसांच्या गाडीखाली गेलेल्या जाह्नवीचं ऐकल्यापासून मला धड झोप नाही."

आपण हॉटेलाबद्दल लिहितो, डॉक्टरबद्दल लिहितो, घरसामान हलवणाऱ्यांबद्दल लिहितो. पोलीस हीसुद्धा माझ्या करातून चालणारी सेवाच आहे, आणि सोळा वर्षं मी ती जवळून बघतेय. त्यातली तेरा वर्षं ती कोर्टाच्या नजरेखाली होती. मैत्रिणीला पाठवलेलं उत्तर म्हणूनच जरा नीट लावून इथं टाकतेय. लांब आहे, पण पोरीला पाठवायचं असेल तर वाचाच.

आधी माझा अनुभव सांगते. मी शहराच्या उत्तरेला ग्रीनवुड भागात राहते. २०१८ च्या जूनमध्ये माझे सासरे, अण्णा, आमच्याकडं आले होते. अण्णांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षं हिशेब लिहिले. तोवर त्यांचा विसराळूपणा विसराळूपणाच्या पलीकडं गेला होता. सुपारी डॉक्टरांनी कधीच बंद केली होती, पण पितळी अडकित्ता मात्र त्यांच्या हातात लागायचाच. टीव्ही बघताना नुसताच उघड-मीट करत बसायचे.

त्या दिवशी मी वरच्या खोलीत मीटिंगवर होते. खाली आले तर दार सताड उघडं, चपला नाहीत, अण्णा नाहीत. श्रवणयंत्र टेबलावर, चष्म्याशेजारी. मी आधी गल्ली पालथी घातली, मग नवऱ्याला फोन केला, मग ९११ ला. वय ऐंशी, पांढरा सदरा, पायजमा, इंग्रजी येत नाही, नीट ऐकू येत नाही, मराठी बोलतात. "मराठी" हे मला दोनदा स्पेलिंग करून सांगावं लागलं.

अण्णा ८५व्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर उभे होते. मिरजेच्या गाडीची वाट बघत. आणि कुणीतरी माझ्या आधीच पोलिसांना कळवलं होतं की थांब्यावर एक म्हातारा माणूस आहे, स्वतःशीच बोलतोय आणि त्याच्या हातात पात्याचं काहीतरी हत्यार आहे.

पुढं काय झालं ते मी नंतर, पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात पाहिलं. ज्याच्याशी प्रसंगाचा थेट संबंध असतो त्याला ते मागता येतं. मी मागितलं आणि मिळालं. गाडी थांब्यापासून बरीच अलीकडं थांबते. सायरन नाही. दोघं उतरतात. त्यातला एक गाडीच्या दाराआडच उभा राहतो. दुसरा चार पावलं पुढं येतो आणि थांबतो. "सर," म्हणतो. अण्णा बघत नाहीत. पुन्हा "सर". तो हात वर करून हलवतो, लांबच्या ओळखीच्या माणसाला आपण हलवतो तसा. अण्णा वळतात. अडकित्ता उघडा, दोन्ही पाती चमकतायत. मी हे बघताना खुर्चीची कड धरून बसले होते, अण्णा पलीकडच्या खोलीत सुखरूप झोपलेले असूनसुद्धा.

तो माणूस एक पाऊल मागं गेला. पुढं नाही, मागं. गॉगल काढून खिशात ठेवला. "खाली टाका" असं खुणेनं सांगितलं, एकदाच. अण्णांना वाटलं, तो पान मागतोय. त्यांनी मान हलवून सांगितलं, "सुपारी न्हाई." मग तो त्याच अंतरावरून, हळू, प्रत्येक शब्द सुटा करत विचारत राहिला. स्पॅनिश? नाही. हिंदी? त्यावर अण्णांचा चेहरा उजळला. "हिंदी नाही," ते म्हणाले, "मराठी." पोलिसानं रेडिओत तो शब्द जसा ऐकू आला तसा सांगितला. पलीकडून उत्तर आलं, कारण माझा फोन तिथं नोंदला गेला होता. मी धापा टाकत पोचले तेव्हा अण्णा थांब्याच्या बाकावर बसले होते, अडकित्ता मांडीवर मिटलेला, आणि तो पोलीस अजूनही तेवढ्याच अंतरावर उभा होता. मी "अण्णा, घरी चला, गाडी रद्द झालीय" म्हटलं आणि अडकित्ता पर्समध्ये टाकला.

मी ऑडिटर आहे, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या "सर"पासून मी पोचेपर्यंत नऊ मिनिटं आणि काही सेकंद गेले होते.

नऊ मिनिटं का मोजली, त्याला कारण आहे. ३० ऑगस्ट २०१० रोजी याच शहरात, बोरेन ॲव्हेन्यू आणि हॉवेल स्ट्रीटच्या चौकात, जॉन टी. विल्यम्स नावाचा पन्नास वर्षांचा मूलनिवासी माणूस रस्ता ओलांडत होता. घराणं लाकूड कोरणाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या टोटेम खांब, म्हणजे कोरीव लाकडी खांब, करणारं. त्याच्या एका हातात लाकडाचा तुकडा होता, दुसऱ्यात तीन इंच पात्याचा कोरायचा चाकू. एका कानानं ऐकू येत नव्हतं. एक तरुण पोलीस गाडीतून उतरला, चाकू टाक म्हणून ओरडला आणि चार-पाच सेकंदांत गोळ्या झाडल्या. विल्यम्स जागीच गेला. चाकू मिटलेला सापडला. पोलीस खात्याच्याच समितीनं हा गोळीबार असमर्थनीय ठरवला, त्या पोलिसानं राजीनामा दिला, पण सरकारी वकिलांनी खटला भरला नाही.

मी तेव्हा इथं नवीन होते. बातमी वाचली, वाईट वाटलं आणि कामाला लागले. आठ वर्षांनी अडकित्ता घेतलेले अण्णा त्या चित्रात पाहिले तेव्हा ती बातमी मला खरी कळली.

विल्यम्सच्या मृत्यूनंतर शहरातल्या पस्तीस संस्थांनी मिळून केंद्र सरकारच्या न्याय विभागाकडं चौकशी मागितली. २०११ च्या मार्चमध्ये चौकशी सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये अहवाल आला. सिॲटलचे पोलीस बळ वापरतात तेव्हा दर पाच वेळांपैकी एकदा ते घटनाबाह्य असतं, असं त्यात म्हटलं होतं. पण माझ्यातल्या ऑडिटरला हलवलं ते वेगळ्याच आकड्यानं. सव्वादोन वर्षांत पोलिसांनी बळ वापरल्याचे १,२३० अहवाल तपासले गेले. त्यातले वरच्या पातळीवर अधिक तपासणीसाठी पाठवलेले किती? पाच. एखाद्या कंपनीत १,२३० व्हाउचर आणि त्यातल्या फक्त पाचांवर शंका दिसली, तर मी एवढंच म्हणेन की इथं कुणी वाचतच नाही, नुसत्या सह्या करतात.

२०१२ च्या जुलैमध्ये शहर आणि न्याय विभाग यांच्यात करार झाला. त्याला इथं कन्सेंट डिक्री म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला आणि कोर्टाच्या हुकमानं बांधलेला करार. न्यायाधीश जेम्स रोबार्ट. त्यांच्या हाताखाली एक मॉनिटर, ज्याचं काम एवढंच की खात्यात जायचं, कागद मागायचे, प्रशिक्षण बघायचं आणि कोर्टाला लिहून द्यायचं. २०२० पर्यंत ते काम मेरिक बॉब यांनी केलं. हे मला सगळ्यात पटलेलं. कोर्टानं हुकूम काढला आणि फाईल बंद केली असं झालं नाही. कोर्ट परत परत विचारत राहिलं.

इथं मला राहवत नाही म्हणून लिहिते. आपल्याकडं प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणेचे सात निर्देश दिले. उत्तम निर्देश. बदल्यांतला राजकीय हात कमी करा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, लोकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. महाराष्ट्रानंही २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. पण इथल्यासारखा एक न्यायाधीश, एक खातं आणि दर काही महिन्यांनी "दाखवा काय केलंत ते" असं विचारणारा माणूस, हे आपल्याकडं कुठल्याच शहराला मिळालं नाही. माझ्या माहेरच्या माणसांना ते मिळावं असं मला मनापासून वाटतं.

करारानंतर नवीन नियम आले, ते २०१४ पासून लागू झाले. शक्य असेल तिथं वेळ घ्या, अंतर ठेवा, आडोसा घ्या, बोला. मानसिक तोल गेलेल्या माणसाशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण सगळ्यांना, आणि काहींना चाळीस तासांचं जास्तीचं. प्रत्येक बळवापराची पातळी ठरवून नोंद आणि वरिष्ठांच्या मंडळापुढं तपासणी. सगळ्यांनी हे आनंदानं घेतलं नाही. शंभराहून जास्त पोलिसांनी या नियमांविरुद्धच दावा लावला, तो कोर्टानं फेटाळला. पण २०१७ मध्ये मॉनिटरनं लिहिलं की गंभीर आणि मध्यम स्वरूपाचा बळवापर साठ टक्क्यांनी घटलाय, आणि त्यामुळं गुन्हे वाढल्याचं किंवा पोलीस जास्त जखमी होत असल्याचं दिसत नाही. अण्णांपुढं एक पाऊल मागं गेलेला तो माणूस मूळचा चांगला असेलही. पण त्याला मागं जायला कुणीतरी शिकवलं होतं, आणि मागं गेल्याबद्दल त्याला कुणी भित्रा म्हणणार नाही याची खात्री दिली होती.

म्हणून या भागाला, म्हणजे पोलीस प्रसंगात कसे वागतात याला, माझ्याकडून पाचापैकी चार तारे. पाचवा का नाही, तर शार्लीना लाइल्स. अण्णांच्या घटनेच्या बरोबर वर्षभर आधी, १८ जून २०१७ ला, घरात चोरी झाली म्हणून तिनं स्वतः पोलिसांना बोलावलं. तीस वर्षांची, गरोदर. मानसिक त्रास होता आणि तो पोलिसांच्या नोंदीत होता. तिनं चाकू काढला आणि दोघा पोलिसांनी तिला तिच्याच घरात, मुलं घरात असताना, गोळ्या घातल्या. त्यातल्या एकाला टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं यंत्र, वापरायचं प्रशिक्षण होतं. ते यंत्र तो लॉकरमध्ये ठेवून आला होता. पुढं चौकशीतल्या ज्युरीनं गोळीबार समर्थनीय ठरवला. प्रशिक्षण, नियम, कोर्ट, मॉनिटर हे सगळं असताना हे झालं. माझ्या घरी झालं ते आणि तिच्या घरी झालं ते एकाच खात्याचं काम आहे. मला माझ्याच वाट्याचं मोजून चालणार नाही.

आता दुसरा भाग, चूक झाल्यावर जाब कोण देतो. इथं माझे दोनच तारे.

कागदावर रचना चांगली आहे. तक्रारींची चौकशी करणारं ऑफिस ऑफ पोलीस अकाउंटेबिलिटी, त्याच्यावर आणि खात्यावर लक्ष ठेवणारे इन्स्पेक्टर जनरल, आणि सामान्य नागरिकांचा कम्युनिटी पोलीस कमिशन. २०१७ च्या कायद्यानं तिघांनाही बळ दिलं. मग २०१८ मध्ये शहरानं पोलीस युनियनशी पगाराचा करार केला आणि त्या कायद्यातल्या काही तरतुदी करारात पातळ झाल्या. त्याच वर्षी अजून एक गोष्ट घडली. २०१४ मध्ये एका पोलिसानं हातकड्या घातलेल्या बाईला गाडीत तोंडावर ठोसा मारला होता. खात्यानं त्याला काढलं होतं. लवादानं त्याला परत घ्यायला सांगितलं. न्यायाधीश रोबार्ट यांनी २०१९ च्या मेमध्ये सांगितलं की जाबाच्या बाबतीत शहर कन्सेंट डिक्रीच्या बाहेर गेलंय. पुढं वरच्या कोर्टात लवादाचा तो निर्णय टिकला नाही, पण त्याला किती वर्षं गेली बघा.

२०२० मध्ये मे महिन्यात शहरानं "आता आमच्यावरची देखरेख उठवा" असा अर्ज केला होता. मिनिआपोलिसच्या पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर रस्त्यावर लोक आले, अश्रुधूर उडाला, आणि जूनच्या सुरुवातीला शहराला तो अर्ज मागं घ्यावा लागला.

आणि मग मैत्रिणीनं विचारलं ती गोष्ट. २३ जानेवारी २०२३. जाह्नवी कंदुला, तेवीस वर्षांची, आंध्रातल्या अदोनीची, इथं एम.एस. करत होती. डेक्स्टर ॲव्हेन्यू आणि थॉमस स्ट्रीटच्या झेब्रा क्रॉसिंगवरून जात होती. ताशी २५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पोलिसांची गाडी ७४ मैलांच्या वेगानं आली. दुसऱ्या कुणाच्या तरी मदतीला निघालेली गाडी. तिनं जाह्नवीला उडवलं आणि ती गेली. आमच्या मराठी मंडळातही त्या आठवड्यात कुणी दुसऱ्या विषयावर बोललं नाही. ती तेलुगू होती, पण तिच्या आईच्या ठिकाणी प्रत्येकीनं स्वतःला बघितलं.

त्यानंतर युनियनचा एक पदाधिकारी असलेला पोलीस युनियनच्या अध्यक्षाशी फोनवर बोलत होता आणि त्याच्या अंगावरचा कॅमेरा चालू राहिला होता. तो हसत होता. तिची किंमत मर्यादित होती, अकरा हजार डॉलरचा चेक द्या म्हणजे झालं, असं त्याचं बोलणं होतं. ते चित्रीकरण ११ सप्टेंबर २०२३ ला लोकांपुढं आलं. आणि चारच दिवस आधी, ७ सप्टेंबरला, कोर्टानं कराराचा बहुतांश भाग पूर्ण झाला म्हणून देखरेख उठवली होती. जाब देणं आणि गर्दी हाताळणं, हे दोनच विषय कोर्टानं स्वतःकडं ठेवले होते. न्यायाधीशांना ती चित्रफीत बघायची गरजच नव्हती. जे राहिलंय ते नेमकं काय, हे त्यांना आधीच कळलं होतं.

या घटनेतली एक गोष्ट फार कमी जण सांगतात. ते बोलणं बाहेरच्या कुणी शोधून काढलं नाही. खात्यातल्याच एका कर्मचाऱ्याला नेहमीचं काम करताना ते ऐकू आलं आणि त्यानं ते दाबून न ठेवता वर पाठवलं. १,२३० पैकी पाच पाठवणाऱ्या खात्यात हे झालं नसतं. त्या कर्मचाऱ्याचं नाव मला माहीत नाही, पण अण्णांसमोर थांबलेल्या पोलिसाइतकाच मला त्याचा आदर वाटतो. मात्र पुढचं परत संथ. हसणाऱ्या पोलिसाला काढायला २०२४ चा जुलै उजाडला. गाडी चालवणाऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही, निष्काळजी ड्रायव्हिंगचा पाच हजार डॉलर दंड झाला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याला काढलं. दोन वर्षं तिच्या आईवडिलांनी कसे दिवस काढले असतील.

३ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीश रोबार्ट यांनी उरलेली देखरेखही संपवली. तेरा वर्षांनी. मला त्या दिवशी आनंद झाला नाही, पण तेरा वर्षं फुकट गेली असंही मी म्हणणार नाही. थांबायला शिकवणं कोर्टाला जमलं. जाब द्यायला लावणं अर्धंच जमलं, कारण त्याच्या किल्ल्या पगाराच्या करारात आणि लवादाच्या खोलीत आहेत, आणि तिथं नागरिकाला खुर्ची नसते.

आता पोरीसाठी कामाच्या गोष्टी. पोलिसांशी संबंध आला तर हात दिसतील असे ठेव, पटकन खिशात घालू नकोस. नाव आणि सिरियल नंबर विचारायचा तुला अधिकार आहे, आणि विचारला की द्यायचा त्यांचा नियम आहे. वागणूक खटकली तर अकाउंटेबिलिटी ऑफिसकडं ऑनलाइन तक्रार करता येते, नाव न देताही. चौकशी पुरी करायला त्यांना साधारण १८० दिवसांची मुदत असते. तू मात्र उशीर करू नकोस आणि तारीख, वेळ, ठिकाण त्याच दिवशी लिहून ठेव. घरी कुणी आजारी, मानसिक त्रासात असेल आणि ९११ ला फोन करावा लागला, तर पहिल्याच वाक्यात ते सांग आणि त्या विषयाचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवा असं स्पष्ट म्हण. आणि कुठली भाषा बोलतात तेही सांग. आमचं काम त्या एका शब्दावर झालं.

स्पेस नीडल बघायला सगळेच जातात. तिथंच सिॲटल सेंटरच्या आवारात ३४ फुटांचा एक टोटेम खांब आहे. जॉन विल्यम्सच्या भावानं, रिकनं, तो कोरला आणि २६ फेब्रुवारी २०१२ ला शेकडो लोकांनी तो खांद्यावरून वाहत तिथं नेला. अण्णांना मी त्या उन्हाळ्यात तिथं घेऊन गेले होते. त्यांनी कोरीव कामावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुणी केलंय? हात चांगला हाय."

इन्स्पेक्टर जनरलचे अहवाल मी अजून वाचते, आता तर जास्तच लक्ष देऊन, कारण न्यायाधीश ते वाचणार नाहीत. पोलीस युनियनशी पुढचा करार होईल तेव्हा जाबाची कलमं बघून दुसऱ्या भागाचे तारे बदलायचे का ते ठरवीन आणि इथंच खाली लिहीन.